वाचकांचे प्रश्न : नवा कॉम्प्युटर, तरी पत्रिका उघडेना

प्रश्न : भाऊ, माझं महालात डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स अशी कामं मी अकरा वर्षांपासून करते. जुना कॉम्प्युटर पार थकला म्हणून भिशीचे पैसे उचलून दसऱ्याला नवा घेतला. दुकानदार म्हणाला, आय ३ आहे, एसएसडी आहे, पळेल. पण हा तर रांगून राहिला! कोरलमधे पत्रिका उघडली, फोटोशॉपमधे फ्लेक्स घेतला आणि व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो बघायला गेली की माउस जागेवरच अडकतो. तुळशीची लग्नं लागल्यापासून दुकानात रांग आहे. गिऱ्हाईक समोर बसून राहतं आणि मी नुसती स्क्रीनकडे बघत राहते. दुकानदार म्हणतो, विंडोज पुन्हा टाकून पाहू. भाचा म्हणतो, व्हायरस असेल. ओळखीचे एक जण म्हणतात, हा काढून टाका आणि आय ७ घ्या. माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधेही ४ जीबीच रॅम होती, तो असा अडकत नव्हता. मग नव्यालाच काय झालं? रॅम वाढवली तर फरक पडेल, की तेही पैसे पाण्यात जातील?
— एक वाचक भगिनी, महाल, नागपूर

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि या पत्राला बसल्या जागेवरून उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. माझं दुरुस्तीचं दुकान नंदनवनात आहे, तिथून महाल काही दूर नाही. फोन केला, तुम्ही हो म्हणालात, आणि शनिवारी सकाळी तुमचं शटर उघडायच्या वेळी मी बडकस चौकात गाडी लावून आत आलो. पुढचं सगळं तुमच्यासमोरच घडलं. तरी बाकीच्या वाचकांसाठी सविस्तर लिहितो, कारण याच अर्थाची आणखी बरीच पत्रं माझ्याकडे पडून आहेत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. हो, तुमच्या मशीनला रॅमनेच फरक पडेल. पण पत्र वाचून हे मी छातीठोक सांगितलं नसतं. २०१९ मधे एका ट्यूशन क्लासच्या कॉम्प्युटरला मी न बघता ८ जीबी रॅम लावून दिली होती. सरांनी फोनवर सांगितलं, ‘फार हळू चालतोय’, आणि मी रॅम घेऊन गेलो. काडीचा फरक पडला नाही. आत ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी), फाइली साठवायची जुनी हार्ड डिस्क होती आणि सगळा वेळ तीच खात होती. मी रॅम काढून आणली, पैसे परत केले, पण दोन दिवस त्या सरांचा क्लास खोळंबला तो खोळंबलाच. तेव्हापासून कोणाचंही मशीन असो, आधी पंधरा मिनिटं त्याच्यासमोर बसून नुसतं बघतो आणि मगच खर्चाचं बोलतो.

तुमच्या दुकानातही तेच केलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काहीही न उघडता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडतो तो असा. त्यात परफॉर्मन्समधे जाऊन मेमरीवर, म्हणजे रॅमवर, क्लिक केलं. आकडा होता ३.८ पैकी २.६ जीबी. म्हणजे तुम्ही अजून कामाला हातही लावला नव्हता आणि दोन तृतीयांश जागा भरलेली होती. (४ चे ३.८ कसे झाले, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या मशीनमधे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्यावरचं चित्र दाखवायला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून आपला वाटा काढून घेतं.)

मग तुम्ही एरवी उघडता तसंच उघडत जा, असं म्हटलं. कोरल उघडलं, आकडा ३.१. सोनेरी गणपतीची पत्रिका उघडली, ३.४. फोटोशॉपमधे तो ६ बाय ४ फुटांचा वाढदिवसाचा फ्लेक्स उघडायला घेतला. आकडा ३.६ वर गेला आणि तिथेच थांबला. आलेख आडवा झाला, फाइल मात्र अजून उघडायचीच होती. त्याच क्षणी खालच्या डिस्कचा आलेख उसळून १०० टक्क्यांना भिडला आणि माउस अडकला. मोबाइलवर वेळ लावली होती. फ्लेक्स पूर्ण दिसायला १ मिनिट ५० सेकंद लागले. या सगळ्या वेळात प्रोसेसर किती राबत होता? १४ टक्के. तुमचा आय ३ थकलेला नाही, तो नुसता वाट बघत बसला होता. त्याच्या जागी आय ७ बसवला असता तर तोही तसाच वाट बघत बसला असता. तुमचे ते ओळखीचे गृहस्थ मनापासून सांगत असतील, पण तो खर्च करू नका.

रॅम अपुरी पडली की नेमकं काय होतं, हे तुम्हाला तुमच्याच धंद्यातल्या गोष्टीवरून सांगतो. माझे वडील महालातल्याच एका छापखान्यात कंपॉझिटर होते, म्हणजे अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून मजकूर तयार करायचे. देवनागरीचे खिळे इंग्रजीच्या कितीतरी पट, त्यात जोडाक्षरं वेगळी, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या. त्यामुळे त्यांच्या समोर, डाव्या-उजव्या हाताला अशा केसेस, म्हणजे खिळ्यांच्या कप्प्याकप्प्यांच्या पेट्या, मांडलेल्या असायच्या. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. समोर सगळ्या केसेस मांडलेल्या असल्या की वडिलांचा हात दिसायचाही नाही, इतका भरभर चालायचा. पण छापखान्यात काम वाढलं आणि त्यांच्या टेबलाची अर्धी जागा दुसऱ्याला दिली, तेव्हा जोडाक्षरांची केस मागच्या घोडीवर गेली. मग ‘प्रतिष्ठान’ जुळवायचं म्हणजे उठायचं, समोरची एक केस उचलून घोडीवर ठेवायची, जोडाक्षरांची आणायची, दोन खिळे घ्यायचे, आणि पुढच्या शब्दाला पुन्हा उठायचं. हात तोच, माणूस तोच. दिवसाला होणारी पानं मात्र निम्म्यावर आली.

प्रोसेसर म्हणजे तो हात, रॅम म्हणजे टेबल आणि फाइली कायमच्या साठवणारी एसएसडी म्हणजे मागची घोडी. टेबल भरलं की विंडोज तिथली एखादी वस्तू उचलून एसएसडीवरच्या ‘पेजफाइल’ नावाच्या फाइलमधे ठेवतं आणि हवी ती आणतं. तुम्ही कोरलमधून फोटोशॉपमधे गेलात की कोरल मागे, परत आलात की फोटोशॉप मागे. डिस्क १०० टक्के दिसत होती ती या उचलठेवीने. आता एसएसडीही वेगवान असते ना, मग एवढं का अडतं? वेगवान आहे, पण रॅमच्या पुढे नाही. रॅममधून एक गोष्ट काढायला एक सेकंद लागतो असं धरा, तर त्याच मापाने एसएसडीला पाव तास लागतो आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला पूर्ण दिवस उलटून वर काही तास. या फरकापायीच तुमचं गिऱ्हाईक बाकड्यावर ताटकळतं. शिवाय एसएसडीवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते, आणि ही दिवसभराची उचलठेव ते आयुष्यही खाते.

मग जुना ४ जीबीचा कॉम्प्युटर का अडत नव्हता? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्यावर विंडोज ७ होतं आणि कोरलची फार जुनी आवृत्ती होती. ६४ बिटचं विंडोज ७ कमीत कमी २ जीबी मागायचं, विंडोज ११ कमीत कमी ४ मागतं. म्हणजे जुन्या मशीनमधे विंडोजची किमान गरज भागून तुमच्यासाठी जागा उरत होती, नव्यात किमान गरज आणि एकूण रॅम सारखीच आहे. फोटोशॉपची नवी आवृत्ती तर स्वतःच किमान ८ जीबी मागते आणि १६ असावी असं सांगते. रॅमचा आकडा जुन्याइतकाच राहिला, त्यात राहायला येणारी माणसं मात्र दुप्पट झाली.

विंडोज पुन्हा टाकण्याबद्दल. मशीन दोन-अडीच महिन्यांचं आहे. विंडोज पुन्हा टाकलं असतं तर तुमचे फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरची सेटिंग सगळं नव्याने बसवावं लागलं असतं आणि आकडा पुन्हा २.६ च्याच आसपास आला असता. भाच्याची शंका मी तपासली, व्हायरस नव्हता. मात्र चालू होतानाच उठून बसणाऱ्या सात-आठ गोष्टी होत्या. त्यात विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस असताना मशीनसोबत आलेला दुसरा, महिनाभराच्या मुदतीचा अँटीव्हायरसही होता. तो काढला, नको ते स्टार्टअपमधून बंद केलं. २.६ चा आकडा २.३ वर आला. तीनशे एमबी फुकट मिळाले, ते सोडू नयेत. पण त्याने तुमचं पोट भरणार नव्हतं.

ते का, हे हिशेबाने दाखवतो. हा हिशेब एकदा कळला की किती रॅम लागेल हे कोणाला विचारावं लागत नाही. फोटोशॉपमधे सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, एका ठिपक्याला ४ बाइट लागतात. ए ४ आकाराचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, म्हणजे साधारण ८७ लाख. गुणिले ४, झाले ३५ एमबी. हा एक पूर्ण भरलेला लेयर, म्हणजे चित्राचा एक थर. दहा लेयर असले तर ३५० एमबी. पत्रिकेपुरतं हे ठीक आहे. आता तुमचा ६ बाय ४ फुटांचा फ्लेक्स, १५० डीपीआय. १०८०० गुणिले ७२०० ठिपके, गुणिले ४, म्हणजे एका लेयरचे ३११ एमबी! तुमच्या त्या फाइलमधे मागचा रंग, फुलांची चौकट, फोटो, सावल्या, नावं, खालची मित्रमंडळाची छोट्या फोटोंची रांग असे नऊ लेयर मी मोजले. सगळे पूर्ण भरलेले नसतात, तरी दोन जीबीची मागणी तिथेच झाली. ती ३.८ मधे कुठून बसणार?

यावरचा एक उपाय बिनपैशाचा आहे आणि तो तुम्ही आजच करा. फ्लेक्स चौकात वर टांगतात, तो कोणी डोळ्याला लावून बघत नाही. ७२ डीपीआय पुरतं. तोच फ्लेक्स ७२ ला केला की लेयर ३११ एमबीवरून ७२ एमबीवर येतो, पावापेक्षाही कमी. तुमच्या फ्लेक्सवाल्याला एकदा विचारून घ्या, तो हेच सांगेल. पत्रिका मात्र ३०० च ठेवा, ती हातात धरून वाचतात.

आता रॅम. कॅबिनेटचं झाकण उघडून पाहिलं. आतला मदरबोर्ड एच ६१० चा, रॅमचे स्लॉट दोन. एकात ४ जीबीची डीडीआर ४ पिढीची रॅम, दुसरा रिकामा. झाकण न उघडताही हे टास्क मॅनेजरमधे दिसतं, मेमरीच्या पानावर खाली ‘२ पैकी १ स्लॉट वापरात’ अशा अर्थाची ओळ असते. पण डीडीआर ४ की डीडीआर ५ हे पक्कं केल्याशिवाय दुकानात जाऊ नका. या पिढीचे इंटेलचे प्रोसेसर दोन्ही चालवतात, त्यामुळे एच ६१० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात. डेस्कटॉपच्या दोन्ही रॅमना पिना २८८ च असतात, लांबीही तीच, फक्त मधली खाच वेगळ्या जागी असते. चुकीची रॅम बसत नाही, आणि बसवायला जोर केला तर स्लॉट तुटतो. रॅमवरच्या चिठ्ठीवर ‘पीसी ४’ असेल तर डीडीआर ४, ‘पीसी ५’ असेल तर डीडीआर ५. तुमच्यावर ‘पीसी ४-२१३००’ होतं, म्हणजे वेग २६६६. नवी ३२०० ची घेतलीत तरी दोघी मिळून २६६६ नेच चालतील. त्याने काही बिघडत नाही.

माझ्या पिशवीत चाचणीसाठी दुकानातली ८ जीबीची रॅम होती. मशीन बंद केलं, वायर काढली, चालू करायचं बटण उगाच एकदा दाबलं म्हणजे आत साठलेली वीज उतरते. मग हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावला. ही सवय नागपुरात फार जरुरीची आहे. डिसेंबर-जानेवारीत आणि पुन्हा चैत्रापासून इथली हवा इतकी कोरडी होते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. तोच चटका बोटातून रॅमला बसला तर ती मरते, आणि मेलेली दिसतही नाही. रॅमची सोनेरी कड बोटाने धरायची नाही, दोन्ही टोकांना धरायची. स्लॉटची चाप मागे केली, खाच जुळवली आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबलं. ‘टक्’ असा आवाज आला आणि चाप आपोआप वर येऊन बसली. हा आवाज ऐकू आला नाही तर रॅम बसलेली नाही, असं समजा. दहातल्या निम्म्या तक्रारी अर्धवट बसलेल्या रॅमच्याच असतात.

चालू केल्यावर स्क्रीन थोडा वेळ काळीच राहिली आणि तुमचा चेहरा उतरला. रॅम बदलली की पहिल्या वेळी बोर्ड तिची ओळख करून घेतो, त्याला अर्धा-एक मिनिट लागू शकतं. घाबरून वायर ओढू नये. मग विंडोज आलं आणि तेच सगळं, त्याच क्रमाने उघडलं. तोच फ्लेक्स, तोच १५० डीपीआय. १९ सेकंद. व्हॉट्सॲपवर गेलात, परत आलात, माउस कुठे अडला नाही. १२ जीबीतली ६.९ वापरात होती आणि डिस्कचा आलेख खाली पडून होता. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं कोरलमधून फोटोशॉपमधे, फोटोशॉपमधून कोरलमधे असं चार-पाच वेळा गेलात. ते बघून मला फार बरं वाटलं.

घ्यायची किती? पुस्तकी उत्तर असं की ४ काढा आणि ८ च्या दोन लावा, १६ होतील. दोन्ही सारख्या असल्या की प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन सरळ रस्ते मिळतात, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा उपयोग होतो. पण एआयची मोठी डेटा सेंटर्स मेमरी उचलू लागली तसे २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले, आणि तुम्ही अजून भिशीचे हप्ते भरताय. म्हणून माझा सल्ला हा : सध्या ८ जीबीची एकच घ्या, डीडीआर ४, ३२०० ची. जुनी ४ आत राहू द्या. १२ जीबीत तुमचं आजचं काम आरामात होतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या सीझनला गरज वाटली तर ४ काढून तिथे दुसरी ८ लावा, आजची ८ वाया जाणार नाही. भाव दिवसागणिक हलतो आहे, म्हणून बर्डीवर आणि धंतोलीत एकाच दिवशी दोन-तीन दुकानांत विचारा. सीलबंद पाकीट घ्या आणि बिलावर रॅमचा सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्याच नंबरावर मिळते. लावल्यावर त्या रात्री विंडोजचं ‘मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा चालवा. नव्या रॅममधे दोष असेल तर पहिल्या रात्रीच कळलेला बरा.

फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमधे परफॉर्मन्सच्या पानावर, मोकळ्या रॅमपैकी किती त्याने घ्यायची याची पट्टी असते. ती ७० टक्क्यांच्या आसपास असते. कोणी ती १०० ला न्यायला सांगितलं तर ऐकू नका, तुमचं कोरल उपाशी राहील.

एक गोष्ट मात्र मला लागली, ती लिहितो. तुम्ही मला बिल दाखवलंत. त्यावर एकच ओळ होती : ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’. कोणता प्रोसेसर, किती रॅम, कोणती एसएसडी, काहीच नाही. त्या दुकानदाराने फसवलं का, असं तुम्ही दोनदा विचारलंत. ४ जीबीवर विंडोज ११ चालतं, त्यामुळे विकलेली वस्तू चालत नाही असं म्हणता येणार नाही. पण डीटीपी करणाऱ्या बाईला, काय काम करता हे न विचारता ४ जीबीचं मशीन देणं हे माझ्या मते चुकीचंच आहे. भिशी उचलून माणूस काउंटरवर येतो तेव्हा समोरच्याने दोन मिनिटं त्याचं काम ऐकून घ्यावं, एवढी अपेक्षा चुकीची नाही. त्याच्याकडे जा, प्रत्येक भागाचं नाव आणि सिरीयल नंबर टाकून बिल मागा. नवी रॅमही शक्यतो त्याच्याकडूनच, तुमच्या डोळ्यांसमोर लावून घ्या, म्हणजे ‘कॅबिनेट उघडलं, आता वॉरंटी नाही’ हे ऐकावं लागणार नाही. बिल देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

प्रश्न : मुलीसाठी घेतलेला पातळ लॅपटॉप वर्षभरातच हळू झाला. ८ जीबी आहे. दुकानात म्हणाले, यात रॅम वाढतच नाही. खरं का?
— एक पालक, मनीषनगर

उत्तर : खरं असू शकतं, आणि ते तुम्ही घरीच तपासू शकता. टास्क मॅनेजरमधे मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ असं लिहिलेलं असतं. तिथे ‘एसओ-डीआयएमएम’ असेल तर रॅम काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे. काही लॅपटॉपमधे थोडी डागलेली आणि शिवाय एक स्लॉट मोकळा अशीही सोय असते, म्हणून मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घ्या. स्लॉट नसेलच तर ब्राउझरमधला मेमरी सेव्हर चालू करा आणि चाळीस-चाळीस टॅब उघडे ठेवायची सवय मोडा. ‘रॅम साफ करणारी’ सॉफ्टवेअरं घालू नका, ती स्वतःच रॅम खातात. आणि पुढचा लॅपटॉप घेताना हा प्रश्न पैसे मोजायच्या आधी विचारा. डागलेली असेल तर पहिल्याच दिवशी १६ ची घ्या.

प्रश्न : २०१४ चा कॉम्प्युटर आहे, हिशेब आणि पत्रव्यवहार एवढंच काम. रॅम ४ ची ८ केली तरी चालू व्हायला सहा मिनिटं लागतात.
— एक वाचक, काटोल

उत्तर : ट्यूशन क्लासची जी गोष्ट वर सांगितली तीच तुमची. चालू होताना डिस्क १०० टक्के आणि मेमरी अर्धीही भरलेली नाही, असं दिसेल. हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच वायरवर चालणारी) लावा, २५६ जीबी पुरे. सहा मिनिटांचं काम मिनिटाच्या आत येईल. हार्ड डिस्क फेकू नका, जुन्या हिशेबांची प्रत म्हणून जपून ठेवा. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि तुमचं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून बँकेचं काम त्याच्यावर करणं शक्यतो थांबवा.

प्रश्न : लॅपटॉप सकाळी चांगला चालतो, दुपारी बारानंतर अडखळतो. उन्हाळ्यात तर रोजच. १६ ची ३२ जीबी करू का?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : करू नका. रॅम कमी असती तर सकाळीही कमीच पडली असती. घड्याळाप्रमाणे हळू होतं ते उष्णतेने. पारा ४५ च्या पुढे गेला की पंखा कितीही फिरला तरी आत गरम हवाच ओढतो, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. पंख्याची जाळी धुळीने भरली असेल, ती उघडून साफ करून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खाली हवा खेळेल असा ठेवा. कूलरच्या अगदी समोरही नको, त्या झोताबरोबर पाण्याचे तुषार आत जातात. मग एखाद्या दिवशी दुपारी दोन वाजता टास्क मॅनेजरमधे सीपीयूचा वेग बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बघा, आणि दोन्ही आकडे मला कळवा.